पितळेची चकाकी फसवी

रायफलमधून गोळी सुटली, की पितळी पुंगळी मागे उरते. अमेरिकेत अनेक नेमबाज ती फेकून देत नाहीत. नवे प्रायमर, दारू आणि गोळी बसवून पुन्हा वापरतात. (भारतात परवान्याविना काडतूस तयार करणे हा शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे.) पुंगळीची पारख चुकली, तर तप्त वायू उलटून नेमबाजाच्या चेहऱ्यावर येऊ शकतो.

या पारखीत चकाकीला फारसे मोल नाही. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे हे पितळ थंड अवस्थेत ओढून घडवतात, त्यामुळे त्यात ताण साठून राहतो. ब्रिटिश अमदानीत भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि धातूतील ताण यांचा हा संयुक्त प्रताप असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. उपाय होता पुंगळी तापवून ताण घालवण्याचा. ठोकून कडक झालेले भांडे तांबट पुन्हा भट्टीत धरतो, तसाच. म्हणूनच लष्करी पुंगळीच्या मानेवरील निळसर-तपकिरी छटा हा डाग नव्हे. नागरी पुंगळ्यांवरून ती बहुधा घासून काढलेली असते.

वापरलेल्या पुंगळीची मान तडकली असेल, तर ती बादच. खरा धोका मात्र बुडाच्या किंचित वर, आतल्या बाजूस असतो. तेथे भिंत पातळ होत जाते; बाहेरून कधी चकचकीत कडे दिसते, कधी काहीच नाही. त्यामुळे टोक वाकवलेली तार आतून फिरवून खाच लागते का, हे तपासले जाते. प्रायमर सैल बसू लागले, तरी पुंगळी भंगारातच जाते.