कट, मेंदू आणि मारुती कांबळे

नाशिककराला 'कट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यानंतरचा खटला 'नाशिक कट' म्हणूनच ओळखला जातो. कायद्यात कटाला किमान दोघांचं संगनमत लागतं. आज आम्ही बोलणार आहोत ते सिनेमातल्या कटांबद्दल, आणि त्यातही जिथे संगनमताची गरजच पडत नाही अशा कटाबद्दल.

१९६२ चा 'द मँचुरियन कँडिडेट' घ्या. कोरियन युद्धात पकडलेल्या रेमंड शॉ नावाच्या सैनिकाचं शत्रू ब्रेनवॉशिंग करतो. पुढे पत्त्यांतली चौकटची राणी दिसली की हा गृहस्थ सांगेल ते करतो, अगदी खूनसुद्धा, आणि त्याला काही आठवत नाही. तत्त्वज्ञानाच्या अंगानं पाहिलं तर शॉ निर्दोष ठरतो. कृती त्याच्या हातून झाली, पण इच्छा त्याची नव्हती. प्रेक्षकालाही बरं वाटतं, कारण दुष्टपणा परदेशातून आलेला असतो.

आता आपल्याकडे या. जब्बार पटेल यांचा 'सामना', लेखन विजय तेंडुलकरांचं. १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर गावात येतो आणि विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं? लोक विषय टाळतात. इथे कुणाच्या मेंदूला हात लावलेला नाही. संमोहन नाही, औषध नाही. ठाऊक आहे, पण बोलत नाहीत.

का बोलत नाहीत? निळू फुल्यांचा हिंदुराव साखर कारखान्याचा धनी आहे. निफाडकडच्या मंडळींना पुढचं सांगायला नको. ऊस तयार झाला की तो वेळेत तुटला पाहिजे, नाहीतर वाळतो, वजन घटतं. कुणाच्या फडात टोळी कधी जाणार हे ज्याच्या हाती, त्याला धमकी द्यावी लागत नाही. पोरगा कारखान्यात चिकटलेला असतो, सोसायटीचं कर्ज असतं. प्रत्येक जण आपापल्या घरी बसून स्वतंत्रपणे गप्प राहायचं ठरवतो. बैठक नाही, शपथ नाही, म्हणजे कोर्टात सिद्ध करण्यासारखा कटही नाही. शॉला मिळते ती सूट मात्र या गावाला मिळत नाही. म्हणून निवडणुकीनंतर 'लोकांचं ब्रेनवॉश झालंय' असं कुणी म्हणालं की आम्हाला ते पटत नाही. त्यात लोकांना शहाणपणही नाकारलं जातं आणि जबाबदारीही.

'सिंहासन' (१९७९) सुरू होतो तो मुख्यमंत्र्यांना आलेल्या निनावी फोननं: तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. आदल्याच वर्षी, जुलैमध्ये, वसंतदादांचं सरकार सहकाऱ्यांनीच पाडलं होतं. प्रेक्षकांना वेगळं स्पष्टीकरण कशाला? अरुण साधूंच्या कादंबऱ्या मात्र त्याच्याही आधीच्या. निळू फुले या वेळी पत्रकार दिगू टिपणीस आहेत. सगळ्या गटांत त्याची ऊठबस, सगळं त्याला कळतं, छापून मात्र थोडंच येतं. शेवटी भान सुटतं ते या दिगूचं. मंत्री आपापल्या खात्यांवर रुजू होतात.