पुढच्या दोन टायरांवरचा भार

मोकळ्या पटांगणात शंकू मांडून वळणावळणाची वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळाशी झुंजायचं, हा ऑटोक्रॉसचा खेळ. अमेरिकेतल्या ‘एससीसीए’ (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या नियमांत एक शंकू पाडला की वेळेत 2 सेकंद वाढतात. रोज ऑफिसला नेणारी छोटी हॅचबॅकही इथे उतरते आणि तिचं भौतिकशास्त्र लख्ख उघड होतं.

या गाड्यांचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असल्याने साधारण 60 टक्के वजन पुढच्या चाकांवर येतं. गाडी ओढणं, वळवणं आणि बरंचसं ब्रेकिंगही त्याच दोन टायरांना करावं लागतं. टायरची पकड मात्र मर्यादित असते. त्यातली 80 टक्के वळण्यात गेली, तर वेग वाढवायला 60 टक्के उरते. कारण ही बलं परस्परांना काटकोनात असतात आणि त्यांची बेरीज पायथागोरसच्या नियमाने होते. वळण्यासाठीच 95 टक्के खर्ची पडली, तर उरते जेमतेम 31 टक्के.

म्हणूनच ऐन वळणात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टायर कुरकुरतात, स्टिअरिंग हलकं पडतं आणि गाडीचं नाक बाहेरच्या शंकूकडे सरकतं. हा अंडरस्टीअर. घाबरून स्टिअरिंग आणखी वळवलं तरी फरक पडत नाही, कारण पकड आधीच संपलेली असते. उपाय पायाशी आहे: अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडायचा.

वेग कमी होताना वजन पुढे झुकतं. 900 किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, दोन्ही आसांत 2.4 मीटर अंतर असं धरलं, तर 0.8 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.8 पट) इतक्या जोरदार ब्रेकिंगमध्ये जवळपास 150 किलो भार मागून पुढे येतो. पुढची पकड वाढते, मागची घटते आणि शेपूट बाहेर फिरून गाडी वळणात शिरते. ऐन वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला तर मात्र हीच गाडी गरकन फिरते.

अलेक इसिगोनिस यांची 1959 सालची मिनी इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांची, याच रचनेची होती. 1964, 1965 आणि 1967 मध्ये तिने माँटे कार्लो रॅली जिंकली.

सगळा खेळ पकडीचा आहे, म्हणून जादा हॉर्सपॉवरवर पैसे घालण्याआधी चांगले टायर घ्यावेत, हवेचा दाब मोजावा आणि वळणाआधीच ब्रेक लावायची सवय लावावी. सराव मात्र हेल्मेट घालून, आयोजकांनी बंदिस्त केलेल्या मैदानातच करावा. पकडीचा हिशेब पायाला कळू लागला की साधी हॅचबॅकही मनापासून पळते.