श्रीलंकेतील फुलपाखरे, त्यांच्या वनस्पती आणि वैद्याचे द्रव्यज्ञान

श्रीलंकेतील श्रीपाद पर्वत (उंची २,२४३ मीटर) सिंहली भाषेत 'समनळ कंद', म्हणजे फुलपाखरांचा पर्वत, या नावानेही ओळखला जातो. वर्षातील काही काळ फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांचे थवे बेटावरून उडत जाताना दिसतात. ते श्रीपादाच्या दर्शनास निघाले आहेत, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. या थव्यांत आढळणाऱ्या कॅटॉप्सिलिया प्रजातीच्या अळ्या आरग्वध (बहावा), आवर्तकी (तरवड) यांसारख्या वनस्पतींवर पोसल्या जातात. आवर्तकीस सिंहलीत 'रणवरा' म्हणतात आणि तिच्या फुलांचे पेय तेथे आवडीने घेतले जाते.

आपल्या निघंटूतील वनस्पती आणि त्या बेटावरील कीटक यांचा हा संबंध योगायोगाचा नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्यातील काही उदाहरणांचा विचार करीत आहोत. त्यांपैकी एकाचा आपल्या दैनंदिन चिकित्सेशी थेट संबंध आहे.

अळीचा आहार व मातेची परीक्षा

श्रीलंकेत फुलपाखरांच्या सुमारे अडीचशे जातींची नोंद आहे आणि त्यांपैकी पंचवीसहून अधिक जाती त्या बेटाबाहेर कोठेही आढळत नाहीत. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मधुरस सेवन करते. अळीचे मात्र तसे नसते. बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक कुळातील मोजक्याच वनस्पती खातात. म्हणून अंडी घालण्यापूर्वी मादी पानावर उतरून पायांच्या अग्रांनी ते चाचपते. तेथील सूक्ष्म संवेदी रोमांना पानातील रासायनिक द्रव्ये कळतात. तिचे रसनेंद्रिय जणू पायांत असते. पानाचा आकार सारखा असला तरी रस जुळला नाही तर ती उडून जाते.

कॉमन मॉर्मन या फुलपाखराची मादी अशा रीतीने कढीलिंब, निंबू व बिल्व यांची निवड करते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले निळे-काळे 'ब्लू मॉर्मन' श्रीलंकेतही आढळते आणि त्याच्या अळ्याही निंबू कुळातील वनस्पतींवरच वाढतात. अर्कावर प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या असतात. करवीर व तगर (चांदणी) यांच्या पानांवर डॅफ्निस नेरी या हिरवट रंगाच्या मोठ्या पतंगाची अळी सुखाने चरते.

अर्क व करवीर यांची गणना रसशास्त्राने उपविषांत केली आहे. त्यांचा दुष्परिणाम शीघ्र व स्पष्ट दिसतो, म्हणूनच पूर्वाचार्यांनी त्यांच्या शोधनाचे विधी व मात्रेची मर्यादा सांगून ठेवली. आता ज्या वनस्पतीचा विचार करावयाचा आहे, तिचे नाव उपविषांच्या प्रचलित यादीत नाही.

ईश्वरी आणि तिची फुलपाखरे

ट्रॉइडिस डार्सियस हे श्रीलंकेचे राष्ट्रीय फुलपाखरू त्या बेटापुरतेच मर्यादित आहे. पुढचे पंख काळे, मागचे तेजस्वी पिवळे, आणि पंख पसरले असता रुंदी १५ सेंटिमीटरहून अधिक. त्याच्या अळ्या केवळ ईश्वरीच्या कुळातील वनस्पतींवर जगतात. त्यांतील प्रमुख म्हणजे ईश्वरी, अर्थात अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिका. मराठीत हिला सापसंद व सिंहलीत 'सपसंद' म्हणतात. दोन्ही देशांत सर्पविष, ज्वर, त्वग्विकार यांवर तिच्या मुळाचा परंपरेने उपयोग होत आला आहे. कोकण-गोव्यापासून दक्षिणेकडे सह्याद्रीत आढळणारे सदर्न बर्डविंग हे याच प्रजातीतील फुलपाखरू असून तेही याच कुळावर अवलंबून आहे.

ईश्वरीच्या पानांत व मुळांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ले असतात. अळी ती पचवून बाहेर टाकीत नाही, तर शरीरात साठवून ठेवते. कोश होऊन फुलपाखरू बाहेर पडले तरी ती शरीरात राहतात. त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. काळ्या-लाल रंगांचे क्रिमसन रोझही याच वेलीवर वाढते आणि आपल्या रंगांनी भक्षकास सावध करते.

कॉमन मॉर्मनच्या काही माद्या या क्रिमसन रोझसारख्या दिसतात. त्या वाढलेल्या असतात कढीलिंबावर वा बिल्वावर. त्यांच्या शरीरात ईश्वरीचे विष नसते. परंतु बाह्यरूप सारखे असल्याने पक्षी फसतात व त्यांचे प्राण वाचतात. रूपावरून गुणाचे अनुमान करणारा कसा फसतो, याचे हे निसर्गातील उत्तम उदाहरण होय.

वृक्कांवरील परिणाम

मनुष्यही असाच फसला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये स्थौल्यावरील एका मिश्रणात स्टेफानिया या चिनी द्रव्याच्या जागी नामसादृश्यामुळे अ‍ॅरिस्टोलोकियाची एक जाती मिसळली गेली. शंभराहून अधिक व्यक्तींचे वृक्क त्यामुळे बिघडले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९९३ मध्ये हा प्रकार वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्ध झाला. पुढे यांपैकी अनेकांत मूत्रमार्गाचा कर्करोगही आढळला. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीच्या वनस्पती असलेली औषधे मनुष्यात कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

हे आम्ल वृक्कातील सूक्ष्म नलिकांच्या पेशींत जाऊन त्यांच्या जनुकद्रव्यास चिकटते. क्रमाने तेथील ऊती तंतुमय होतात व वृक्क संकोच पावतात. हे सर्व वेदनेवाचून, महिनोन्महिने चालते. रुग्णास प्रारंभी गुणच आला असे वाटते आणि वृक्कदोष उघड होईपर्यंत औषधाची आठवणही राहिलेली नसते. अशा विलंबित विषाचा संबंध केवळ चिकित्सानुभवाने जोडणे पूर्वाचार्यांना कठीण होते, यात त्यांचा उणेपणा नाही.

आपले कर्तव्य

एखादी अळी पान खाते म्हणून ते विषारी वा निर्विष ठरत नाही. बिल्व व करवीर दोन्हींवर अळ्या आहेत. त्यांच्याकडून घ्यावयाचा बोध वेगळा आहे, तो म्हणजे द्रव्य नावाने किंवा रूपाने नव्हे, तर अंतर्गत घटकांपर्यंत जाऊन ओळखावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही गुराखी व वनवासी यांना औषधींचे नामरूप ठाऊक असते, पण तेवढ्याने द्रव्याचे खरे ज्ञान होत नाही, असा आशय आला आहे.

व्यवहारात आमच्या मते पुढील गोष्टी पाळाव्यात. ईश्वरी व तिच्याच प्रजातीतील कीटमारी यांचा आभ्यंतर प्रयोग करू नये. क्वाथ केल्याने दोष जातो, असे गृहीत धरू नये. 'नाकुली' या नावाने काही जण सर्पगंधा तर काही जण ईश्वरी घेतात; म्हणून या नावाने आलेले मूळ वनस्पतिशास्त्रीय ओळख पटल्याशिवाय स्वीकारू नये. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णास पूर्वी घेतलेल्या मुळ्या व चूर्णांविषयी आवर्जून विचारावे. सर्पदंशाच्या रुग्णास मुळी उगाळून देण्यात वेळ न घालविता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे.

मुळासाठी उपटलेली वेल पुन्हा फुटत नाही, आणि ती नाहीशी झाली तर बर्डविंगच्या अळीला खाण्यास काही उरत नाही. श्रीलंकेतील सखल पर्जन्यवनांत राहणारे व याच कुळावर जगणारे सिलोन रोझ हे फुलपाखरू आज अत्यंत संकटग्रस्त आहे. जे मूळ आपल्या रुग्णास अपायकारक आहे, त्याची मागणी वैद्यांनीच थांबविली, तर रुग्णाचे वृक्क वाचतील आणि रानातील ईश्वरी तिच्या फुलपाखरांसाठी राहील. वनौषधी उद्यान असलेल्या महाविद्यालयांनी ही वेल अवश्य लावावी, परंतु तिच्या फलकावर गुणधर्मांबरोबर हा इशाराही लिहावा, अशी आमची नम्र सूचना आहे.