रायबोसोम : निरोप वाचणारे यंत्र

स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावर टोचले जाणारे जुने औषध. ॲल्बर्ट शाट्झ यांनी १९४३ साली अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळविले. हे औषध रोग्याच्या शरीरातील जीवाणूंना मारते, पण त्याच्या स्वतःच्या पेशींना बव्हंशी सोडून देते. वास्तविक जीवाणू काय आणि माणूस काय, दोघांनाही प्रथिनांवाचून जगता येत नाही. आणि दोघेही ती जवळजवळ एकाच रीतीने बनवितात. मग औषधाला दोघांमधील फरक कळतो कसा? त्यासाठी जीवाणूच्या पेशीत शिरून पाहिले पाहिजे.

प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची माळ. कोणता मणी कोणत्या क्रमाने ओवायचा, याची माहिती डीएनएमध्ये साठविलेली असते. तिची लागेल तेवढीच नक्कल उतरवून घेतली जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती ए, यू, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेली असते.

अक्षरे चार आणि ॲमिनो आम्ले तर २०! दोन-दोन अक्षरांचे शब्द केले तर ४ × ४ = १६ च होतात, म्हणजे कमी पडतात. तीन-तीन अक्षरांचे केले तर ४ × ४ × ४ = ६४ होतात. निसर्गाने तीन अक्षरी शब्दच वापरले आहेत. पहिला शब्द उलगडला तो १९६१ साली. मार्शल नीरेनबर्ग आणि हाइनरिख मथाय यांनी अमेरिकेत ई. कोलाय या जीवाणूच्या पेशी फोडून त्यांचा रस काढला आणि त्यात नुसत्या 'यू' अक्षरांचा आरएनए घातला. तयार झालेल्या माळेत फेनिलॲलनीन हे एकच ॲमिनो आम्ल होते. म्हणजे 'यूयूयू' या शब्दाचा अर्थ फेनिलॲलनीन! पुढे हरगोविंद खुराना आदींच्या कामामुळे सर्व ६४ शब्दांचा कोश पुरा झाला. त्यांपैकी ६१ शब्द ॲमिनो आम्लांचे आहेत आणि उरलेले तीन 'थांबा' असे सांगतात.

या शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते. समजा, 'मदनवजनउचल' असे सलग लिहिले आहे. पहिल्या अक्षरापासून तीन-तीन अक्षरे घेतली, तर 'मदन वजन उचल' असा नीट अर्थ लागतो. एक अक्षर सोडून सुरुवात केली, तर 'दनव जनउ चल' असे काहीतरी भलतेच होते. तेव्हा आरंभ अचूक सापडणे फार महत्त्वाचे. बहुतेक संदेश 'एयूजी' या शब्दापासून वाचले जातात. जीवाणूच्या संदेशात पुष्कळदा त्याच्या थोडे आधी एक खुणेचा मजकूर असतो. तो रायबोसोममधील आरएनएशी जुळतो आणि रायबोसोम नेमक्या जागी बसतो. ही खूण ऑस्ट्रेलियात जॉन शाइन आणि लिन डाल्गार्नो यांनी १९७४ साली दाखवून दिली.

रायबोसोम हेच निरोप वाचणारे यंत्र. वाहक आरएनएचे लहान रेणू एकेक ॲमिनो आम्ल घेऊन त्याच्याकडे येतात. ज्याची तीन अक्षरे संदेशातील शब्दाशी जुळतात, त्याचे आम्ल माळेत जोडले जाते आणि यंत्र तीन अक्षरे पुढे सरकते. आपल्या पेशीत संदेश केंद्रकात तयार होऊन बाहेर यावा लागतो. जीवाणूला केंद्रकच नाही. त्यामुळे संदेशाचे शेपूट अजून तयार होत असतानाच त्याच्या डोक्याकडून वाचन सुरू होते! भराभर वाढणाऱ्या ई. कोलायमध्ये सेकंदाला सुमारे ५० अक्षरे लिहिली जातात आणि साधारण तितकीच वाचली जातात.

एवढ्या घाईत चुका होत नाहीत का? होतात, पण काही हजार शब्दांत एखादीच. ही अचूकता किती मोलाची आहे, हे गणिताने पाहा. दर शंभर शब्दांत एक चूक झाली असती, तर ३०० मण्यांची माळ बिनचूक होण्याची शक्यता ०.९९ चा ३०० वा घात, म्हणजे शंभरात केवळ ५ राहिली असती.

स्ट्रेप्टोमायसीनचा घाव नेमका येथेच बसतो. ते जीवाणूच्या रायबोसोमला चिकटते आणि त्याला चुकीचे वाचायला लावते. जीवाणूचा रायबोसोम ७० एस, तर आपल्या पेशीद्रवातील ८० एस असतो. 'एस' हे वेगाने फिरणाऱ्या यंत्रात कण किती जलद खाली बसतो, याचे एकक आहे. जीवाणूच्या रायबोसोमचे दोन भाग ३० एस आणि ५० एस असून ते मिळून ८० नव्हे, ७० एस होतात. कारण कण खाली बसण्याचा वेग केवळ वस्तुमानावर नव्हे, तर आकारावरही ठरतो. दोन्ही रायबोसोमांच्या घडणीतील लहानसहान फरकांवरच औषधाची निवड अवलंबून आहे. वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली क्ष-किरणांच्या साहाय्याने ३० एस भागाची रचना उलगडली आणि हे औषध त्यात कोठे बसते, तेही दाखविले. बडोद्यात भौतिकीची पदवी घेतलेल्या रामकृष्णन यांना २००९ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

परंतु चिकटण्याच्या जागेजवळचे एखादे अक्षर जीवाणूत बदलले, तर औषध निकामी होते. समजा, दहा लाखांत एका जीवाणूत असा बदल असतो. दोन वेगळ्या औषधांपासून एकदम वाचणारा जीवाणू मग दहा लाख गुणिले दहा लाखांत एखादाच! क्षयावर अनेक औषधे एकत्र देतात, ती यासाठीच. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडली किंवा त्यांतील एखादेच चालू ठेवले, तर हा हिशेब जीवाणूच्या बाजूने फिरतो.