फुली कोठे बसवायची?

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. नेमबाजीचा विषय वर्गात निघाला की 'त्या रायफलवरच्या दुर्बिणीतून लक्ष्य किती मोठे दिसते?' असा प्रश्न येऊ शकतो. त्याचे उत्तर असे, की ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण लावू देत नाहीत. तेथे बारीक छिद्रातून आणि पुढच्या कड्यातून नेम धरतात. दुर्बिणीची रायफल असते ती सैन्यात, लांब पल्ल्याच्या काही स्पर्धांत आणि ज्या देशांत शिकारीला परवानगी आहे तेथे. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली.)

पण प्रश्न निघालाच आहे, तर तो सोडू नये. या दुर्बिणींत एक असा पेच आहे, की तो सोडवताना प्रकाशाच्या धड्यातील वास्तव प्रतिमा आणि विशालन या दोन्ही कल्पना पक्क्या होतात. दुर्बिणीत नेम धरण्यासाठी रेघांची फुली असते आणि तिच्यावर मोजपट्टीसारख्या खुणा असतात. ही फुली बसवायला दुर्बिणीत दोन जागा आहेत. त्यांपैकी कोणती निवडावी?

फुली स्पष्ट का दिसते?

आपले बोट डोळ्यांसमोर धरून लांबच्या झाडाकडे पाहावे. बोट आणि झाड एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. मग दुर्बिणीतली फुली आणि दूरचे लक्ष्य एकदम स्पष्ट कसे दिसतात?

याचे उत्तर इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन या तरुणाला 1640 च्या सुमारास मिळाले. केप्लरने 1611 साली सुचवल्याप्रमाणे दोन बहिर्वक्र भिंगे घेऊन तो प्रयोग करत होता. कोळ्याने ताणलेला एक धागा त्याला दुर्बिणीतून अगदी स्वच्छ दिसला. वस्तुभिंग दूरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा ज्या प्रतलात तयार करते, नेमका तेथेच तो धागा होता. प्रतिमा आणि धागा एकाच जागी असल्याने नेत्रिका दोघांनाही सारखेच मोठे करून दाखवत होती. गॅलिलिओच्या दुर्बिणीत हे शक्य नव्हते. तिची नेत्रिका अंतर्वक्र असते आणि नळीच्या आत वास्तव प्रतिमा तयारच होत नाही. गॅस्कॉइनने पुढे या शोधावरून सूक्ष्ममापक बनवला. 1644 साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला.

तेव्हा नियम असा : फुली तेथेच बसवावी जेथे वास्तव प्रतिमा आहे.

एक नव्हे, दोन प्रतिमा

केप्लरच्या दुर्बिणीत दृश्य उलटे दिसते. आकाशातील ग्रह उलटा दिसला तरी बिघडत नाही, पण जमिनीवर नेम धरताना ते चालत नाही. म्हणून रायफलच्या दुर्बिणीत मध्ये आणखी भिंगे बसवतात. वस्तुभिंगाने तयार केलेली उलटी प्रतिमा ती पुन्हा उलटवतात, म्हणजेच सुलटी करतात. त्यामुळे नळीत वास्तव प्रतिमा दोन होतात. पहिली मधल्या भिंगांच्या अलीकडे, तर दुसरी त्यांच्या पलीकडे, नेत्रिकेजवळ. या दोन जागांना पहिले आणि दुसरे नाभीय प्रतल म्हणतात.

विशालन कमीजास्त करता येते अशा दुर्बिणीत, उदाहरणार्थ 4 ते 16 पट, हीच मधली भिंगे पुढेमागे सरकतात. पेच येथूनच सुरू होतो. फुली पहिल्या प्रतलात असेल तर ती या भिंगांच्या आधी येते आणि लक्ष्याबरोबर लहानमोठी होते. दुसऱ्या प्रतलात असेल तर लक्ष्य लहानमोठे होते आणि फुली तेवढीच राहते.

वर्गात करून पाहा

हे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे. 10 सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा, पांढरा पुठ्ठा, बॅटरी आणि बटर पेपर एवढे साहित्य पुरे.

प्लॅस्टिकवर मार्करने 2 सेंमी उंचीचे झाड काढा. त्याच्या शेजारी दर अर्ध्या सेंटीमीटरवर खुणा असलेली पट्टी आखा. पुठ्ठ्यावर दर सेंटीमीटरला खुणा असलेली दुसरी पट्टी आखा. खोलीत अंधार करून प्लॅस्टिक आणि पुठ्ठा एकमेकांपासून 45 सेंमी अंतरावर उभे करा. प्लॅस्टिकच्या मागे बटर पेपर लावून त्यावर बॅटरीचा प्रकाश टाका.

भिंग प्लॅस्टिकपासून 15 सेंमीवर धरले की पुठ्ठ्यावर झाडाची स्पष्ट, उलटी प्रतिमा मिळेल. तिची उंची 4 सेंमी असेल. आता फक्त भिंग सरकवून 30 सेंमीवर न्या. पुन्हा स्पष्ट प्रतिमा मिळेल, पण या वेळी उंची 1 सेंमी. भिंगाच्या सूत्रात हे आकडे घालून मुलांनी पडताळा घ्यावा.

आता मुलांना खुणा मोजायला सांगा. प्लॅस्टिकवरच्या पट्टीनुसार झाड दोन्ही वेळा 4 खुणांएवढेच आहे. पुठ्ठ्यावरच्या पट्टीनुसार ते आधी 4 खुणांएवढे होते, आता एकाच खुणेएवढे आहे. प्लॅस्टिक म्हणजे दुर्बिणीतले पहिले प्रतल, पुठ्ठा म्हणजे दुसरे. एका भिंगाने या दोन जागांच्या मध्ये प्रतिमा पुसट होते. खऱ्या दुर्बिणीत दोन भिंगे ठरावीक रीतीने सरकवून ती सर्वत्र स्पष्ट ठेवतात.

चूक किती महाग पडते?

फुलीवरच्या खुणा कोन मोजतात. 1000 मीटरवरील 1 मीटर उंचीची वस्तू जेवढा कोन करते, तो 1 मिलिरेडियन, थोडक्यात 1 मिल. वस्तूची उंची माहीत असेल तर तिला 1000 ने गुणून मिलच्या संख्येने भागावे, की अंतर मिळते. 50 सेंमी उंचीची फळी 2 मिल भरली, तर ती 250 मीटरवर आहे.

समजा, फुली दुसऱ्या प्रतलात आहे आणि तिच्या खुणा 16 पटीला जुळवलेल्या आहेत. नेमबाजाने 8 पटीवर पाहिले. फळी निम्मी दिसली, खुणा तशाच राहिल्या, म्हणून मोजमाप आले 1. हिशेबाने अंतर झाले 500 मीटर! गोळी जाता जाता गुरुत्वाकर्षणाने खाली येत असते. अंतर दुप्पट झाले की हे खाली येणे हवेच्या विरोधामुळे चौपटीहूनही अधिक होते. म्हणजे तो नेम फळीच्या कितीतरी वर धरेल. उपाय आहे : खुणेची किंमत 16 भागिले 8, म्हणजे दुप्पट धरायची. पण घाईच्या क्षणी हा गुणाकार लक्षात राहायला हवा.

दुसऱ्या प्रतलाची आणखी एक अडचण आहे. मधली भिंगे सरकताना अक्षापासून किंचित ढळली, तर प्रतिमा हलते आणि फुली जागेवरच राहते. मग विशालन बदलले की नेमही बदलतो. पहिल्या प्रतलात दोन्ही एकत्रच हलतात.

मग सगळ्यांनी पहिलेच प्रतल का निवडू नये? पहिल्या प्रतलातील रेघ पुढे मधल्या भिंगांनीही मोठी होणार असते, म्हणून ती काचेवर फारच बारीक कोरावी लागते. साहजिकच किंमत वाढते. शिवाय 4 पटीवर तिच्या खुणा एवढ्या बारीक दिसतात, की अंधूक उजेडात वाचता येत नाहीत. दुसऱ्या प्रतलातील रेघ मात्र नेहमी सारखीच ठळक दिसते. तिचाही दोष आहेच : 16 पटीवर ती 100 मीटरवरचे 5 मिमी झाकत असेल, तर 4 पटीवर 20 मिमी झाकते.

म्हणून निवड कामावर ठरते. कोणत्याही विशालनावर खुणांनी मोजायचे असेल तर पहिले प्रतल. अंतर ठाऊक आहे, किंवा मोजमाप नेहमी एकाच विशालनावर होणार आहे, तर दुसरे प्रतल पुरते आणि स्वस्तही पडते.

आपल्या प्रयोगशाळेत

हाच पेच शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात असतो. नेत्रिकेत बसवलेली मोजपट्टी वस्तुभिंगाच्या नंतर येते. 10 पटीच्या वस्तुभिंगाबरोबर तिचा एक भाग 10 मायक्रोमीटरचा असेल, तर 40 पटीचे वस्तुभिंग फिरवल्यावर तो अडीच मायक्रोमीटरचाच उरतो. कांद्याच्या पेशीची लांबी मोजताना वस्तुभिंग बदलले आणि किंमत बदलली नाही, तर उत्तर चौपट चुकते.

वहीतल्या आकृत्यांचेही तसेच. आकृतीखाली '40 पट' असे लिहिले आणि पुढे तिची मोठी झेरॉक्स काढली, तर तो आकडा खोटा ठरतो. आकृतीतच 100 मायक्रोमीटरची रेघ आखली असेल तर ती आकृतीबरोबर वाढते आणि खरीच राहते. नकाशावर प्रमाणाची पट्टी आखलेली असते ती याचसाठी. कोणतीही मोजपट्टी हाती घेताना मुलांनी एवढे विचारावे : ही मोजपट्टी वस्तूबरोबर वाढते की आपल्या जागी तशीच राहते?