घरचे सोल्डरिंग आणि लेकरांच्या पोटातले शिसे

आपल्या वस्त्यांत आयटीआय करून घरीच एलईडी बल्ब, चार्जर, मोबाइल दुरुस्त करणारी मुले-मुली वाढत आहेत. काम कौशल्याचे आहे, त्याचे आम्हाला कौतुकच आहे. एलईडी बल्बची प्लेट ॲल्युमिनियमची असते. साध्या सोल्डरिंग आयर्नची उष्णता ती ओढून घेते आणि टाका सुटत नाही, म्हणून खालून तापणारी हॉटप्लेट वापरावी लागते. अडचण एवढीच, की एका खोलीच्या घरात ती ओट्यावरच येते. काही घरांत तर तिच्यावरच दूधही तापते!

भीती सगळ्यांना धुराची वाटते. तो मुख्यतः फ्लक्समधल्या राळेचा असतो. त्याने डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि रोज ओढल्यास दमा जडू शकतो. म्हणून खिडकीशी बसावे, पंख्याने धूर बाहेर जाऊ द्यावा.

शिशाची गोष्ट वेगळी आहे. नेहमीच्या सोल्डरमध्ये 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसे असते. ते 183 अंशांना वितळते. तेवढ्या उष्णतेला शिसे फारसे हवेत उडत नाही, पण बोटांना, कपड्यांना, फरशीला लागते आणि तिथून पोटात जाते. त्याच हाताने तंबाखू मळली, की झालेच. रांगणारे मूल फरशीवरचा हात तोंडात घालते. मोठ्यांपेक्षा मुलांच्या शरीरात शिसे जास्त शोषले जाते, लोह कमी असेल तर आणखी. रक्तक्षय आपल्याकडे घरोघरी आहे, हे विसरू नये. शिशाने मुलांची बुद्धी आणि अभ्यासातले लक्ष कमी होते. जागतिक आरोग्य संघटना त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून ते बाळापर्यंतही पोहोचते.

तेव्हा सोल्डरिंगची हॉटप्लेट कायमची वेगळी ठेवा. काम संपल्यावर हात साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझरने शिसे निघत नाही. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा. लेडफ्री सोल्डर घेतलेत तरी जुन्या बोर्डावर शिसे असतेच, आणि फ्लक्सचा धूरही सुटत नाही. तापलेले कपॅसिटर फुटतात, चष्मा लावा. बोर्ड करपू लागला, की प्लेट लगेच बंद करा. तांब्यासाठी बोर्ड चुलीत जाळणे तर नकोच, तो धूर अतिशय विषारी असतो.

घरात वर्षानुवर्षे हे काम चालू असेल, तर मुलांच्या रक्तातले शिसे तपासण्याविषयी डॉक्टरांना विचारा.