जठराचा बोलबाला, आतड्याचा कारभार

अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर फरच्या व्यापाऱ्यांचं दुकान होतं. ६ जून १८२२ रोजी तिथे चुकून बंदूक उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनेडियन तरुणाच्या डाव्या बरगड्यांखाली भगदाड पडलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना तो वाचेल असं वाटलं नव्हतं. तो वाचला, पण जखम भरताना जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटली आणि भोक कायमचं राहिलं.

बोमाँट यांनी संधी सोडली नाही. १८२५ मध्ये रेशमी दोऱ्याला मांस, शिळा पाव आणि कोबी बांधून त्यांनी भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने ओढून पाहिले. तासाभरात पाव, कोबी निम्मे विरले. मांस जसंच्या तसं. पुढे जठररस बाटलीत काढून उबेला ठेवला, तर मांस त्या बाटलीतच पचलं. अन्न पोटात भरडलं जातं की कुजतं, यावर विद्वान वर्षानुवर्षं भांडत होते. उत्तर रसायनशास्त्रात होतं. सेंट मार्टिन चिडला की पचन बिघडतं, हेही डॉक्टरांनी टिपलं. चिडायला त्याला कारण होतंच: याच डॉक्टरांच्या घरी तो गडी म्हणून लाकडं फोडायचा! १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी चिरफाड करू नये म्हणून घरच्यांनी प्रेत मुद्दाम कुजू दिलं.

या प्रयोगांनी जठराचं नाव झालं, पण ते कामाच्या मानाने जास्तच. भाकरीच्या पिठाचं पचन तोंडातल्या लाळेपासूनच सुरू होतं. जठर अन्न घुसळतं, आम्लात भिजवतं, प्रथिनं तोडायला लागतं आणि थोडं थोडं पुढे सोडतं. १८९७ मध्ये झुरिकला कार्ल श्लाटर यांनी एका बाईचं अख्खं जठर काढलं. त्यानंतरही ती वर्षभराहून अधिक जगली.

लहान आतडं काढून मात्र कुणाचं भागत नाही. सुमारे सहा मीटर लांबीच्या या नळीत स्वादुपिंडाचा रस आम्ल मारतो आणि पिष्ट, प्रथिनं, चरबी तिन्ही फोडतो. यकृतातून आलेलं पित्त तेलातुपाचे बारीक थेंब करतं. मग आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे हा ऐवज रक्तात ओढून घेतात. पाण्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. प्यायलेलं पाणी आणि शरीराचेच रस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात उतरतो. लहान आणि मोठं आतडं मिळून तो जवळजवळ सगळा परत घेतं. शौचातून जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर जातो.

पटकीत हाच हिशेब कोलमडतो. तरीही साखरेसोबत मीठ आणि पाणी शोषण्याची आतड्याची एक वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचं सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायच्या सोड्याचं पाणी पाजून रुग्ण वाचवले ते याच वाटेने.

घरात कुणाला जुलाब लागले आणि जलसंजीवनीचं पाकीट हाताशी नसेल, तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा विरघळवा, घोट घोट पाजत राहा. तान्हं मूल असेल तर लगेच दवाखाना गाठा.